आधी नारळ, मग कौल

आमच्या गावात कुठलंही काम काढायचं तर आधी देवाला विचारतात. विहीर कुठे खणायची, मुलीचं स्थळ घ्यायचं की सोडायचं, मुंबईच्या भावाने अडवून धरलेल्या वाटणीचं काय करायचं, काहीही असो. गुरव पाषाणाला पाकळ्या लावतो, माणसं श्वास धरून बसतात. उजवी पडली तर काम काढा, डावी पडली तर थांबा. डावी पडली म्हणून देवाला कुणी विकासविरोधी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. देवाला परदेशातून पैसे येतात, असा आरोपही कुणी केला नाही. उजवा कौल मिळाला की मग नारळ फुटतो. या क्रमात आजवर बदल झालेला नाही.

सरकारच्या देवळातही कौल लावण्याची सोय आहे. तिला जनसुनावणी म्हणतात. तिथे एवढाच फरक की नारळ आधी फुटतो. जागा ठरते, सामंजस्य करार होतो, हस्तांदोलनाचे फोटो छापून येतात, जवळपासच्या जमिनी कुणीतरी हळूच विकत घेऊन ठेवतं. मग कुणाला तरी आठवण होते की अरे, गावाला विचारायचं राहिलंच.

या विषयातले आमचे तज्ज्ञ म्हणजे गावातला मंडपवाला. लग्न, बारसं, भजनाची डबलबारी, प्रचारसभा आणि जनसुनावणी या पाचही मंगलकार्यांना मांडव, खुर्च्या आणि माईक तोच पुरवतो. कुठकुठल्या सुनावण्या केल्या ते तो सांगत नाही. धंद्यात नावं घ्यायची नसतात, म्हणतो. पण बसायची व्यवस्था त्याला पाठ आहे.

"पुढे तीन सोफे. त्यामागे दोन ओळी कव्हरवाल्या खुर्च्या. मग दोरी. मग साध्या प्लास्टिकच्या."

"दोरी कशाला रे?"

"साहेबांना मोकळी हवा लागते, भाऊ."

"आणि माईक?"

"दोन. एक स्टेजवर, एक लोकांत. लोकांतल्या माईकचं बटण स्टेजच्या मागे."

लोकशाहीची इतकी नेमकी व्याख्या मी राज्यशास्त्राच्या पुस्तकात वाचली नव्हती.

त्याचा या धंद्यावर विशेष जीव आहे, त्यालाही कारण आहे. लग्नात वऱ्हाड कमी आलं तर यजमान खुर्च्यांचे पैसे कापतो. जनसुनावणीत तशी भीती नाही. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत स्वच्छ लिहिलं आहे की सुनावणी सुरू करायला गणपूर्तीची गरज नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला रंग द्यायचा की नाही हे ठरवायला कोरम लागतो, नाही भरला तर सभा अर्धा तास तहकूब होते. पण हजारो मेगावॅटचा प्रकल्प, बंदर किंवा रिफायनरी यांची जनसुनावणी जन नसताना सुरू होऊ शकते. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी चालतात. बोलून दाखवत नसले तरी काहींना त्या तशाच जास्त आवडतात.

ही अधिसूचना वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उलट फार सोज्वळ आहे. किमान 30 दिवस आधी नोटीस द्या, ती एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात छापा. वर्तमानपत्र पोचत नसेल तिथे ढोल बडवून कळवा, असंसुद्धा तीत आहे. शिमग्यात ढोल वाजला की आम्ही पालखी नाचवतो. सरकारी ढोल वाजला की सातबारा शोधायला लागतो. जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस, सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायची संधी. शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत समजावून वाचून दाखवायचं आणि त्याच दिवशी सही. एवढं सगळं आहे. नाही ते एकच, डावी पाकळी. लोक काय म्हणाले ते ऐका, टिपा, दिल्लीला पाठवा, असं कायदा सांगतो. लोक 'नाही' म्हणाले तर काय करायचं याबद्दल तो सभ्यपणे मौन पाळतो. सुनावणी या शब्दाचाच हा घोळ असावा. आम्ही मराठी माणसं तिथे सुनवायला जातो. साहेब सुनावणी उरकायला येतात. ऐकायचं कुणी, हे ठरायचं राहिलंय.

आता सुनावणीआधी वाचायचा तो अहवाल. पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा मसुदा काही शे पानांचा असतो, तो इंग्रजीत. मराठीत येतो त्याला सारांश म्हणतात. सारांशात समुद्र 'किंचित' कोमट होतो, धूळ 'तात्पुरती' उडते आणि माशांवरचा परिणाम 'नगण्य' असतो. मूळ अहवाल पाहायचा तर जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा जिल्हा उद्योग केंद्र गाठायचं. म्हणजे मच्छीमाराने होडी किनाऱ्याला लावावी, एसटीने रत्नागिरी गाठावी, साहेबांच्या टेबलाशी उभं राहून सागरी जीवशास्त्र वाचावं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यावं.

हा अहवाल लिहितो कोण? सल्लागार संस्था. तिला पैसे देतो कोण? प्रकल्पवाला. म्हणजे नवऱ्यामुलाचं चालचलन बघायला त्याच्याच मामाला पाठवायचं, आणि मामाच्या जाण्यायेण्याचं भाडं नवऱ्यामुलाच्या बापाने द्यायचं. मामाने येऊन 'मुलगा थोडी घेतो' असं सांगितल्याचं उदाहरण विरळा. मामा फार तर म्हणेल, 'घेतो, पण परिणाम नगण्य.'

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याला तर एका मामाने अजरामर केलं आहे. 2007 च्या सुमारास इथल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातला मजकूर रशियातल्या बॉक्साइट खाणीच्या अहवालावरून जसाच्या तसा उतरवल्याचं उघड झालं. त्यामुळे झालं काय, तर रत्नागिरीत स्प्रूस आणि भूर्जवृक्षांची अरण्यं उगवली. मी या जिल्ह्यात जन्मलो. हापूस पाहिला, पायरी पाहिली, काजू, फणस, कोकम, आइन, किंजळ, सगळं पाहिलं. स्प्रूस पाहायचा राहिला. आमचे आजोबा थंडीत 'हवा पडली आज' म्हणत ती सायबेरियाची होती हे आम्हाला कळलं नाही. आणि गंमत बघा, प्रकल्पाला मंजुरी देताना दिल्लीतल्याही कुणाला कोकणात बर्फाळ जंगल असल्याचं खटकलं नव्हतं. अहवाल लिहिणाऱ्याने वाचला नाही, तपासणाऱ्याने वाचला नाही. गावाने वाचला असता तर एका वाक्यात पकडला असता, पण गावाला सारांश दिला होता.

गावाला कळत नाही, ही समजूत मात्र सर्वपक्षीय आहे. तिचा सगळ्यात महागडा नमुना गुहागरच्या अंजनवेलीला पाहायला मिळाला. जून 1992 मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीची माणसं वीजप्रकल्पासाठी भारतात उतरली आणि 20 तारखेला सामंजस्य करारावर सह्याही झाल्या. पाच दिवस. आमच्याकडे पाच दिवसांत गौरी-गणपतीचा फराळ होत नाही. जागतिक बँकेने 1993 सालीच कळवलं होतं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही. पुढे 1995 मध्ये एन्रॉनच्या एका उपाध्यक्ष बाईंनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की भारतात शिक्षण देण्यावर आणि प्रकल्पाच्या जुळवाजुळवीवर कंपनीने सुमारे 2 कोटी डॉलर खर्च केले. जागतिक बँकेचं शिक्षण तेवढं राहून गेलं असावं. एवढी फी भरून नक्की कोण शिकलं याची चौकशी आम्ही वेलदूर-अंजनवेलीच्या शाळांत केली. तिथल्या पटावर कुणी सापडेना. तेव्हा जनसुनावणी बंधनकारकही नव्हती, ती 1997 पासून झाली. त्यामुळे हे दोन कोटींचं शिक्षण गावाला चुकवून थेट वरच्या वर्गांत झालं.

एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, अशी घोषणा देत 1995 मध्ये नवं सरकार आलं. त्याने खरंच तो बुडवला. मग नव्याने बोलणी झाली आणि काही महिन्यांनी तोच प्रकल्प पाण्यातून वर आला, तो थोडा फुगूनच. बुडालेली वस्तू फुगून वर येते, हा अनुभव किनाऱ्यावरच्या माणसाला नवा नाही. 2001 च्या मे महिन्यात राज्य वीज मंडळाने ती महागडी वीज घेणं थांबवलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत कंपनीचं दिवाळं निघालं. फी परत मिळाली नाही.

मग जैतापूर. 1650 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण 9900 मेगावॅट, जगातला सगळ्यात मोठा अणुप्रकल्प आमच्या माडबनच्या सड्यावर होऊ घातलेला. जनसुनावणी झाली 16 मे 2010 रोजी. मुहूर्त काढणाऱ्याला सलाम. आंब्याच्या पेट्या भरायच्या, पावसाआधी कौलं शाकारायची, चाकरमानी घरात, लग्नं तोंडावर, आणि त्यात किरणोत्साराचा अभ्यास करून हरकती द्यायच्या. तरी लोक आले. जमिनीच्या मोबदल्याचे धनादेश नाकारून बसलेले लोक होते ते, येणारच. बोलले, रागावले. 28 नोव्हेंबरला पर्यावरण मंजुरी आली, 35 अटींसह. 35 म्हणजे आमच्याकडे काठावर पास. पास करायची एवढी घाई का झाली असावी? तर फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भारतात येणार होते आणि 6 तारखेला करार व्हायचा होता. पाहुणे दाराशी आले असताना पेपर तपासत बसणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.

पुढच्या मार्चमध्ये फुकुशिमा झालं. एप्रिलच्या 18 तारखेला जैतापूर प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात साखरी नाट्याला गोळीबार झाला, त्यात एक तरुण मच्छीमार गेला. या दोन वाक्यांवर मला विनोद सुचत नाही, आणि सुचू नये.

परवा मंडपवाल्याला मी विचारलं, "बारसूला काम मिळालं का रे?" तो म्हणाला, "तिथं मांडवाची वेळच आली नाही, भाऊ." खरं आहे. नाणारची 6 कोटी टनांची रिफायनरी 2019 मध्ये रद्द झाली आणि सरकत सरकत राजापुरातच बारसू-सोलगावच्या सड्यावर येऊ घातली. एप्रिल 2023 मध्ये तिथे माती परीक्षणासाठी यंत्रं आली, त्यांच्यासोबत पोलिसांच्या गाड्या आल्या आणि जमावबंदी आली. बायाबापड्या उन्हात रस्त्यावर आडव्या पडल्या. मातीला ठिकठिकाणी भोकं पाडून तिचं मत विचारायचं आणि माणसांनी चौघांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही, अशी ती पद्धत. जमाव नको असेल तर जनसुनावणी कशी घ्यायची हा तांत्रिक प्रश्न आहे. त्यालाही उत्तर अधिसूचनेत आहे. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने मत मांडणं शक्य नाही असा अहवाल यंत्रणेने दिला तर सुनावणीच गाळता येते. म्हणजे लोक फारच मोकळेपणाने बोलायला लागले की त्यांना मोकळेपणाने बोलता येत नाही असं नोंदवायचं.

बारसूच्या सड्यावर एक कातळशिल्प आहे. युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत 2022 मध्ये कोकणातली जी कातळशिल्पं गेली त्यात ते आहे. त्यात एक माणूस उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ. अभ्यासक त्याचे नाना अर्थ लावतात. मला तो जगातला पहिला प्रकल्पग्रस्त वाटतो. एका बाजूला सरकार, एका बाजूला कंपनी, आणि मधे हा हजारो वर्षं सातबारा घेऊन उभा. वाघही अधूनमधून जागा बदलतात, हे सांगायला नको. बारसूची जागा सुचवणारं पत्र ज्या मुख्यमंत्र्यांनी जानेवारी 2022 मध्ये दिल्लीला पाठवलं, तेच सव्वा वर्षाने सड्यावर आंदोलकांच्या भेटीला आले. आणि त्यांच्या सत्ताकाळात प्रकल्पाच्या बाजूने गळा काढणारे पोलीस पाठवणाऱ्यांत होते. गाव तेवढं जागेवर.

आता कुणीतरी म्हणेलच की, मग तुम्हाला वीज नको का? हवी. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसाआड वीज जाते आणि फ्रिजमधले सुके बोंबील नाही तरी दूध नासतं. मला पेट्रोलही लागतं. पण वीज हवी म्हणून विचारू नका, हे कुठल्या तर्कात बसतं? मुलाला बायको हवी असते म्हणून मुलीला न विचारता मांडव घालत नाहीत. घालत असत, पूर्वी. तो काळ गेला असं आम्ही समजत होतो.

हरित ऊर्जेवाल्यांनीही फार हसू नये. सौर आणि पवनप्रकल्पांना या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणून जनसुनावणीही नाही. शेकडो एकर माळरान काचेखाली गेलं तरी तिथे गुरं चारणाऱ्याला नाही म्हणायला मांडवसुद्धा मिळत नाही. ऊर्जा स्वच्छ असली की विचारायची गरज उरत नाही, असा काहीसा समज. आमचा मंडपवाला या हरित क्रांतीवर नाराज आहे ते उगीच नाही.

2020 मध्ये तर विचारण्याच्या कायद्याबद्दलच विचारायचं ठरलं. नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला, त्यात नोटिशीचे 30 दिवस 20 वर आणायचे होते. मसुदा राजपत्रात आला एप्रिलमध्ये, म्हणजे देश टाळेबंदीत असताना, आणि तो इंग्रजी-हिंदीतच. ज्यांचं मत हवं त्यांच्या भाषेत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जूनला सांगितलं की आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा आणि 11 ऑगस्टपर्यंत हरकती घ्या. सरकार या भाषांतराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. कुठलाही प्रकल्प रेटायला लागणारी चिकाटी सरकारने त्या बावीस भाषांविरुद्ध दाखवली.

बरं, खरा कौल कधी लागलाच नाही असंही नाही. ओडिशात नियमगिरीवर बॉक्साइटची खाण व्हायची होती. 18 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तिथल्या ग्रामसभांना विचारा. बारा गावांत सभा झाल्या, प्रत्येक सभेला जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून हजर. डोंगर हाच देव मानणारी डोंगरिया कोंध माणसं एकेक करून उभी राहिली. बाराच्या बारा गावांची पाकळी डावी पडली. पुढच्या जानेवारीत केंद्राने खाणीला मंजुरी नाकारली. देश बुडाला नाही. बारा-पाचांचा मान म्हणतात तो हा. आमच्या कोकणात तो अजून फक्त शिमग्यातल्या पालखीपुरता आहे.

आमच्याकडे सुनावणी झाल्यावर एक तक्ता तयार होतो. डाव्या रकान्यात लोकांचा मुद्दा, उजव्या रकान्यात प्रकल्पवाल्याचं उत्तर. मुद्दा: आंब्याच्या मोहोराचं काय? उत्तर: हरितपट्टा विकसित करण्यात येईल. मुद्दा: मासळी गेली तर खायचं काय? उत्तर: महिलांना शिवणकामाचं प्रशिक्षण देण्यात येईल. मुद्दा: आम्हाला प्रकल्प नको. उत्तर: नोंद घेतली, रोजगारात स्थानिकांना प्राधान्य राहील. आरोपीनेच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून फिर्यादीची समजूत काढावी तसा तो तक्ता वाचायला फार मनोरंजक असतो.

या तक्त्याऐवजी मी एक सुधारणा सुचवली आहे. सुनावणीच्या शेवटी गावच्या जाणत्याने गाऱ्हाणं घालावं. चित्रीकरण चालू असतंच.

बा देवा म्हाराजा! (व्हय म्हाराजा!) आज ह्या मांडवाखाली जां काय बारा गाव जमला हा, तेंचा म्हणणा ऐकान घे रे म्हाराजा! (व्हय म्हाराजा!) जो कोण सायब लांबसून प्रकल्प घेवन इलो हा, तेच्या अहवालात एखादा झाड रशियातसून इला आसात, तर तां गोड मानून घे रे म्हाराजा! (व्हय म्हाराजा!) ज्येची जमीन गेली तेका नोकरी दी, ज्येका नोकरी गावली नाय तेका प्रशिक्षण दी, ज्येका प्रशिक्षणय गावला नाय तेका फुडच्या सुनावणीक बसाक खुर्ची दी रे म्हाराजा! (व्हय म्हाराजा!)

साहेबांना ही सूचना आवडेल असा माझा अंदाज आहे. प्रत्येक ओळीला गावाचा होकार नोंदला जातो.

मंडपवाल्याला मात्र नाही आवडली. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही लिहिता म्हणून सांगतो. लोक रागाने बोलतात, घोषणा देतात आणि दुपारी दोनच्या एसटीने निघून जातात. इतिवृत्त वाचायची वेळ येते तेव्हा माझ्या खुर्च्या रिकाम्या असतात. साहेब रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवतात. खुर्च्या हरकत घेत नाहीत."

तेव्हा पुढच्या सुनावणीला जाल तर डबा घेऊन जा. आपण बोललो ते कागदावर तसंच उतरलंय की नाही, हे मराठीत वाचून दाखवेपर्यंत आणि त्यावर सही होईपर्यंत खुर्ची सोडू नका. मांडव उतरवायला माणसं आली तरी उठू नका. जादा वेळाचं भाडं लावणार नाही, असं मंडपवाल्याने मला सांगितलं आहे.